पावती फाडतानाच पॅन लिहून घ्या
वर्ष संपलं की सीए संस्थेच्या देणगीदारांची यादी मागतो आणि अर्ध्यांचे पॅन नंबरच नसतात, मग फोनवर फोन. मागच्या मार्चमध्ये राजवाड्यामागच्या एका काकांनी तर मलाच विचारलं, "तू फ्रॉड तर नाहीस ना रे?"

१. 'पॅन' आणि 'यूटीआर' (ऑनलाइन व्यवहाराचा क्रमांक) अशा दोन ओळींचा रबरी शिक्का करून घ्या, नवं पावतीपुस्तक आलं की प्रत्येक स्थळप्रतीवर मारून ठेवायचा. रिकामी ओळ दिसली की हात आपोआप विचारतो.
२. यूपीआयने पैसे आले तर यूटीआरचे शेवटचे सहा आकडे तिथेच पेनने लिहा, बँक स्टेटमेंट पटकन जुळतं.

रोख मात्र २,००० पर्यंतच घ्या, त्यावर गेलं तर देणगीदाराला त्या देणगीवर ८०जीची (आयकरातली) सूट मिळत नाही आणि बोलणी आपल्याला बसतात.