खडी टाकण्याआधी वायरिंग उरकून घ्या

घरच्या मॉडेल रेल्वेत नवे रूळ टाकले की गाडी सुसाट पळते, आणि तिथेच माणूस गाफील राहतो. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरमधून आज वीज नीट जाते; पण काही वर्षांत ते सैल पडतात, आत रंग आणि गोंद शिरतो, आणि लांबच्या टोकाला इंजिन रखडायला लागतं. तोवर खडी, बोगदे, डोंगर सगळं होऊन बसलेलं असतं.

म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना बारीक वायरी सोल्डर करा आणि त्या टेबलाखालून वीज नेणाऱ्या दोन जाड वायरींना जोडा. एका रुळाला लाल, दुसऱ्याला काळी. रंग कधीच बदलू नका; एक वायर उलटी लागली की शॉर्ट झालाच. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, आतून चाकाची कडा धावते. सोल्डरिंग आयर्नचं टोक चांगलं तापवून, टेकवून पटकन उचला, नाहीतर रुळांखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात.

मग काही आठवडे नुसत्या गाड्या चालवा. सर्वांत लांब डबे लावून, अगदी हळू, उलट्या दिशेनेही. सांध्यावर डबा घसरत असेल तर तो आत्ताच घसरू दे. खडी चिकटवणारा गोंद वाळल्यावर रूळ हलवणं म्हणजे निव्वळ वैताग.