रीजन्सी रोमान्समध्ये जादू घालायची तर कुठं घालायची

साताऱ्यात बसून लंडनच्या ड्यूकची लव्हस्टोरी लिहिताय, त्यात जादू पण टाकायचीय, टाका की, फक्त एक आधी ठरवा, जादूनं लग्न अवघड झालं पाहिजे, सोपं नाही. हिरॉईननं चुटकी वाजवली आणि बापाचा विरोध संपला तर पुढची प्रकरणं कशावर लिहिणार?

म्हणून पहिल्यांदा त्या काळचे नियम वाचा, निम्मा प्लॉट तिथंच पडलेला असतो. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज आजारी म्हणून युवराज कारभार बघायचा. इंग्लंडात २१ च्या आत लग्नाला घरच्यांची संमती लागायची, स्कॉटलंडात लागत नव्हती, मग जोडपी पळून हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला जायची. आता तुम्ही एवढंच करा, हद्द ओलांडली की हिरॉईनची जादू कायमची जाते. बास, झाली गोष्ट सुरू. अजून एक, लग्नानंतर बायकोचा पैसाअडका कायद्यानं नवऱ्याचा व्हायचा, मग जादू पण त्याच्याच नावावर चढते असं धरा, म्हणजे मागणी घालणाऱ्या प्रत्येक ड्यूकवर वाचक संशय घेणार, आणि खरं प्रेम करणाऱ्याची तर पार गोची.

हवामान पण वापरा. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, नुसता पाऊस, थंडी, पिकं गेली. ज्वालामुखीचा संबंध तेव्हा लोकांना माहीत नव्हता, मग बॉलमध्ये, म्हणजे बड्या लोकांच्या नाचाच्या कार्यक्रमात, कुजबुज होऊ द्या की हे सगळं हिरॉईनच्या मावशीनं केलंय.

बॉल म्हटलं की अल्मॅक्स आलंच. लंडनमधल्या या हॉलमध्ये बुधवारी नाच असायचा, आत कुणाला घ्यायचं ते ठराविक बड्या बायका ठरवायच्या, पैसा असून उपयोग नाही. त्या बायकांना जादूचा वास येतो असं केलं तर दारातच सीन तयार.

डायलॉग जमत नसतील तर आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत कोपऱ्यात बसा. बागायत किती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, थोरलीला कुठं दिली, तिकडं हेच सगळं वर्षाला किती पौंड म्हणून चालायचं. जादूची चौकशी पण तशीच होऊ द्या, "मुलीची जादू आईकडची का वडलांकडची? आणि थोरलीला आली नाही ती का वं?" हसू इथं येतं, मंत्र म्हणताना नाही. मंत्र दोन ओळीत उरका, ड्रॅगनची लढाई तर नकोच, हलकी गोष्ट आहे ही.

लंडन नको असेल तर साताराच घ्या, त्याच वर्षांत इथं प्रतापसिंह महाराज गादीवर पण सत्ता पुण्यात दुसऱ्या बाजीरावाकडं, आणि १८१८ ला इंग्रजच आले. फक्त खऱ्या माणसांना मागंच ठेवा, जादू करायची ती तुम्ही बनवलेल्या सरदाराच्या वाड्यात, नायतर लोक घरी येतील विचारायला.