कीबोर्ड बदलला आणि आवाज गेला : लॅपटॉप दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून कॉम्प्युटर हार्डवेअरचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बदलण्याचे काम माझ्याकडे आले. त्या लॅपटॉपचा कीबोर्ड पाम रेस्टला, म्हणजे कीबोर्डभोवतीच्या तळवे टेकवण्याच्या वरच्या भागाला, पक्का जोडलेला असल्यामुळे बॅटरी, पंखा, मदरबोर्ड आणि दोन्ही स्पीकर सुटे करावे लागले. नवा कीबोर्ड बसवून मी प्रत्येक कळ तपासली आणि लॅपटॉप परत दिला. आवाज मात्र तपासला नाही. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑनलाइन वर्ग घ्यायचा होता आणि स्पीकर पूर्ण मुके झाले होते.

मी जवळजवळ तीन तास ड्रायव्हर (विंडोजला ऑडिओ चिप चालवू देणारे सॉफ्टवेअर) काढण्यात आणि पुन्हा टाकण्यात घालवले. अखेर दुकानातील ज्येष्ठ कारागिरांनी हेडफोन लावून पाहिला, त्यात आवाज स्वच्छ आला आणि त्यांनी मला झाकण उघडायला सांगितले. स्पीकरचा चार तारांचा कनेक्टर मदरबोर्डवर एका बाजूने बसला होता, दुसरी बाजू किंचित वर राहिली होती. नखाने दाबताच तो खाली बसला आणि आवाज आला.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो की नेमके काय बदलले आणि त्यासाठी कोणकोणत्या जोडण्या सोडवाव्या लागल्या. केवळ एसएसडी (माहिती साठवणारा ड्राइव्ह) बदलून नव्याने विंडोज टाकले असेल, तर स्पीकरच्या तारांना सहसा हात लागलेला नसतो आणि संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. उलट पाम रेस्ट, पंखा किंवा बॅटरी बदलली असेल आणि विंडोज तेच असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी आपणच सोडवलेल्या जोडण्या पुन्हा एकेक करून तपासाव्यात. मदरबोर्ड बदलला असेल तर दोन्ही शक्यता खुल्या राहतात. अशा वेळी लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेल क्रमांकानुसार उत्पादकाच्या संकेतस्थळावरचाच ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा.

हेडफोनची चाचणी उपयोगी आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. हेडफोनमध्ये आवाज येत असेल तर ऑडिओ चिप काम करते आहे, एवढेच सिद्ध होते. अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी अॅम्प्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारी) चिप असते आणि तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर हेडफोन वाजतो आणि स्पीकर गप्प राहतात. विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहिल्यास निवाडा बराच सोपा होतो. तिथे आवाज आला तर स्पीकर, तारा आणि जोडणी ठीक आहेत असे समजावे. मात्र तिथेही आवाज आला नाही म्हणून लगेच स्पीकर जळाला असे ठरवू नये, कारण लिनक्सला त्या अॅम्प्लिफायरची ओळख नसण्याचीही शक्यता असते. हेडफोन काढल्यावरही संगणक तो लावलेलाच आहे असे दाखवत असेल, तर जॅकमधील स्विच अडकला आहे का आणि जॅक वेगळ्या छोट्या बोर्डवर असल्यास त्याची रिबन केबल (पातळ चपटी पट्टी) लॉकमध्ये सरळ आणि पूर्ण आत गेली आहे का, ते पाहावे.

यानंतर मल्टिमीटर घ्यावा. माझा पहिला मल्टिमीटर मी पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, आणला होता आणि या कामाला तसा साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीचा कनेक्टर आधी काढावा, स्पीकर बोर्डपासून सोडवावा आणि त्याच्या दोन तारांमधील रोध मोजावा. लॅपटॉपचे स्पीकर बहुधा 4 किंवा 8 ओहमचे असतात आणि मीटरवर त्याहून थोडा कमी आकडा दिसणे स्वाभाविक आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे किंवा आतले वेटोळे गेले आहे. दुसरी चाचणी नवशिके हमखास विसरतात : स्पीकरची प्रत्येक तार आणि लॅपटॉपची धातूची चौकट यांच्यामध्ये मीटरचा बझर (जोडणी असल्यास वाजणारा) वाजता कामा नये. काळी तार म्हणजे ग्राउंड, ही समजूत इथे सोडून द्यावी, कारण या अॅम्प्लिफायरमध्ये बहुधा दोन्ही तारांवर सिग्नल असतो. एखादी तार स्क्रूच्या बुंध्याखाली चिरडून चौकटीला टेकली, तर अॅम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि चांगला स्पीकर बदलूनही आवाज येत नाही. म्हणून तार तिच्यासाठी केलेल्या खाचेतूनच न्यावी.

आवाज येतो पण फाटतो, अशी तक्रार असेल तर आधी स्पीकरच्या कोपऱ्यांतील रबरी बुश पाहावेत. जुन्या पाम रेस्टमध्ये ते चिकटून राहतात आणि नव्यात स्पीकर त्यांच्याविना बसवला जातो, मग ठरावीक सुरांवर सगळे प्लास्टिक थरथरते. एखादा हरवलेला स्क्रू स्पीकरच्या चुंबकाला चिकटलेलाही मी पाहिला आहे. आता खोलण्याआधीच मी ग्राहकासमोर डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा वाजवून जॉब कार्डावर नोंद करतो, आणि जोडणी झाल्यावर मागचे झाकण स्क्रूने आवळण्यापूर्वी तीच चाचणी पुन्हा घेतो.