कॅमेरा वस्तीत पोहोचला, उपचार पोहोचले का? दूरस्थ नेत्रसेवेतल्या या चुका टाळा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातलं ब्रूम पर्थपासून रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटरवर आहे. आतल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूलनिवासी, वस्त्यांचे कच्चे रस्ते तर पावसाळ्यात बंदच पडतात. तिथे नेत्रतज्ज्ञ वर्षातून मोजक्या वेळा जातो, म्हणून दवाखान्यातला आरोग्यसेवक डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढतो आणि तज्ज्ञ तो दुरून वाचतो. गरज किती आहे? २०१६ च्या राष्ट्रीय नेत्रआरोग्य सर्वेक्षणात मूलनिवासी ऑस्ट्रेलियनांमध्ये अंधत्व आणि दृष्टिदोषाचं प्रमाण इतरांच्या तिप्पट आढळलं. मुख्य कारणं म्हणजे चष्मा नसणं, मोतीबिंदू आणि मधुमेहाने बिघडलेला पडदा. वेळेत गाठलं तर तिन्हींवर इलाज आहे.

अंधूक फोटो ‘ठीक’ म्हणून पुढे सरकवणं

सगळ्यात घातक चूक हीच. फोटो धूसर आला की आधी कारण शोधा. वेगवेगळ्या रुग्णांच्या फोटोत एकाच जागी डाग दिसत असेल, तर तो डोळ्यात नसून भिंगावर आहे. तिथली तांबडी धूळ कुठेही शिरते. कडेने काळी सावली येत असेल तर बाहुली लहान आहे किंवा कॅमेरा मध्यावर नाही. पहिला डोळा छान आणि दुसरा काळपट? फ्लॅशने दुसरी बाहुलीही आकसते. खोलीत पूर्ण अंधार करा, काही मिनिटं थांबा, मग दुसरा डोळा घ्या. घाईच्या दिवशी हे थांबणंच नेमकं गाळलं जातं.

तरीही जमलं नाही तर ठरलेल्या नियमानुसार बाहुली मोठी करणारे थेंब घालावेत. त्याआधी काचबिंदूबद्दल विचारा आणि पुढचे काही तास अंधूक दिसेल, गाडी चालवता येणार नाही, हे थेंब पडण्याआधी सांगा. एवढं करूनही पडदा दिसत नसेल तर अहवालात ‘फोटो वाचता येत नाही’ असंच लिहा आणि रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवा. ‘आजार दिसला नाही’ ही वेगळी गोष्ट आहे. वयस्क मधुमेही माणसाचा फोटो धूसर येतो, तेव्हा मध्ये मोतीबिंदू असण्याची शक्यता बरीच असते.

फोटो आहे, नजर मोजलेलीच नाही

पडद्याच्या मध्यभागाची सूज सपाट फोटोत सहज निसटते. शिवाय मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याने, २०१६ साली मूलनिवासी मधुमेहींसाठी वर्षातून एकदा मिळणारी जी तपासणी आणली, क्रमांक १२३२५, तिच्यात नजर मोजणं आणि दोन्ही डोळ्यांचे फोटो असं दोन्ही धरलेलं आहे. तक्त्यावरची नजर नोंदवा, मग बारीक छिद्रातून पुन्हा वाचायला लावा. छिद्रातून सुधारली तर बहुतेक वेळा प्रश्न चष्म्याचा असतो.

प्रत्येक कामासाठी व्हिडिओ कॉल

फोटो वाचायला समोरासमोर बोलावं लागत नाही. ते आधी पाठवून ठेवा. कॉल भूस्थिर उपग्रहावरून जात असेल, तर तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे आवाज जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागतो. दोघं एकमेकांवर बोलतात, मग डॉक्टर घाईने पुढचा प्रश्न टाकतो. थांबायला शिका, आणि चित्र अडकलं तर साधा फोन हाताशी ठेवा.

‘हो’ म्हणजे संमती समजणं

इथे तंत्रज्ञ कमी पडतो. अनेक वस्त्यांत इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असते, आणि अधिकाराच्या माणसाला नकार देण्यापेक्षा ‘हो’ म्हणून विषय संपवणं सोपं वाटतं. नजर खाली ठेवणं हा आदरही असू शकतो. व्हिडिओ कॉलच्या स्क्रीनवर मात्र ते दुर्लक्ष वाटतं. ‘कळलं का?’ विचारू नका. ‘घरी काय सांगाल?’ असं विचारा. दुभाषा बोलवा, रुग्णाचाच फोटो त्याला दाखवा, आणि खोलीत कोण असावं हे स्थानिक ॲबोरिजिनल आरोग्यसेवकाला ठरवू द्या. काही नात्यांत एकमेकांसमोर बसणंही वर्ज्य असतं. चारचौघांत एकट्याला पुढे काढलं की वाटणाऱ्या संकोचाला तिथे ‘शेम’ म्हणतात. पुढच्या खेपेला माणूस न येण्यामागे ते कारण असू शकतं.

अहवाल आला म्हणजे काम झालं

माझ्या मते कार्यक्रम ढेपाळतात ते इथे. मोतीबिंदू व्हिडिओवर ओळखता येतो, काढता येत नाही. ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर तपासून चष्मा देणाऱ्याने, रुग्णाशेजारी बसून तज्ज्ञाशी व्हिडिओवर जोडून देण्याचे पैसे मेडिकेअर २०१५ पासून देते, पण शस्त्रक्रियेची तारीख, प्रवास आणि सोबतीचा माणूस वेगळे जुळवावे लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात रुग्णप्रवासाला सरकारी मदतयोजना आहे. तिचा अर्ज तारीख ठरते त्याच दिवशी भरा. सोबत्याची मंजुरीही तेव्हाच मागा.

तारीख चुकली तर ‘आला नाही’ लिहून नाव काढू नका. वस्तीत कुणी वारलं की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे शोकविधी, सुरू होतात आणि बाकी सगळं थांबतं. तो नकार नसतो. केव्हा पुन्हा विचारायचं हे आरोग्यसेवकाला विचारा. आणि नोंदवहीत फोटोची तारीख, अहवालाची तारीख यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: निकाल रुग्णाला कुणी सांगितला आणि कोणत्या दिवशी.