कलम लावले, पण बुडाची माती दाबली का?

पुनर्वसू आणि पुष्य या नक्षत्रांत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्ट लागेपर्यंत, विदर्भात संत्रा, मोसंबी, लिंबू आणि पेरूच्या नव्या कलमांची लागवड जोरात चालते. त्यानंतर महिन्याभरात जी कलमे वाळतात, त्यांचा दोष कधी रोपवाटिकेला, कधी उधईला (वाळवीला), तर कधी पावसाच्या उघाडीला दिला जातो. शेतकऱ्यांनी असे वाळलेले कलम फेकण्यापूर्वी एकदा उपटून पाहावे. बहुतेक वेळा ते फारसा जोर न लावता वर येते, मुळांचा गोळा पिशवीच्या आकारात जसाच्या तसा निघतो, गोळ्याबाहेर एकही पांढरे मूळ गेलेले नसते, आणि खड्ड्यात हात घातल्यास गोळा बसला होता त्या जागेभोवती बोट जाईल एवढी पोकळी लागते. त्या कलमाला रोग झालेला नव्हता. लावताना त्याच्या मुळांभोवतीची माती कोणी दाबलीच नव्हती.

मुळांवरची बारीक केसमुळे मातीच्या कणाला चिकटून असतील तरच पाणी ओढतात. मधे हवा राहिली, तर खड्ड्यात कितीही ओल असली तरी गोळा कोरडा पडतो आणि नवे मूळ त्या पोकळीच्या तोंडाशी येऊन सुकते. आपल्या भारी काळ्या जमिनीत ही अडचण दुप्पट होते, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि आठ दिवस ऊन पडले की आकसून भेगाळते. भेग पडते ती नेमकी गोळा आणि नवी माती यांच्या सांध्यावर, कारण तिथली माती सर्वांत सैल असते.

मात्र माती दाबायची म्हणजे चिखल तुडवायचा नव्हे. कलमांची गाडी दारात उभी आहे आणि मजूर सांगून ठेवले आहेत, एवढ्याच कारणाने झडीत लागवड उरकण्याची पद्धत फार नुकसानकारक आहे. ओली काळी माती दाबली की तिच्यातील हवा निघून जाते, उघडीप मिळताच तिचे ढेकूळ होते आणि मूळ त्यात शिरत नाही. म्हणून वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होईपर्यंत, लागवड करू नये. खड्ड्यातील मूठभर माती वळून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. फुटला तर लागवड करावी, चपटा झाला तर थांबावे. तोपर्यंत कलमे झाडाच्या सावलीत ठेवावीत, मुळे उघडी असल्यास ओल्या पोत्यात गुंडाळावीत.

लागवडीपूर्वीची नित्याची कामे:
– अंतर 6 × 6 मीटर, हेक्टरी 277 झाडे
– खड्डा 75 × 75 × 75 सेंमी, उन्हाळ्यात तापलेला
– पोयट्याची माती, दोन टोपली कुजलेले शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट
– ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) शेणखतात मिसळून
– खड्डा पहिल्या पावसाआधी भरलेला, जमिनीपेक्षा वीतभर उंच

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. आधी भरलेला खड्डा दोन-तीन पावसांत आपोआप खाली बसतो. ज्या दिवशी खड्डा भरला त्याच दिवशी कलम लावले, तर माती बसताना कलमही खाली जाते, डोळा, म्हणजे खुंटावर कलम जोडल्याचा सांधा, मातीत गाडला जातो आणि बुडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला वाट मोकळी होते. लावल्यावर डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे.

बसलेल्या खड्ड्यात फक्त पिशवीएवढी जागा उकरावी. पिशवी उभी चिरून काढावी, तळाशी गोल फिरलेली मुळे छाटावीत आणि गोळा ठेवल्यावर बाजूची माती एकदम न लोटता तीन थरांत भरावी. प्रत्येक थर बोटांनी गोळ्याच्या कडेला सारून तळहाताने दाबावा. शेवटचा थर टाचेने दाबण्यास हरकत नाही, पण टाच गोळ्याच्या बाहेर ठेवावी. गोळ्यावर उभे राहिल्यास तो फुटतो आणि मुळे तुटतात. अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि शेंदुरजनाघाट भागातून उघड्या मुळांची कलमे आणणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी. अशा वेळी खड्ड्यात मातीचा लहानसा उंचवटा करून मुळे त्यावर चहूबाजूंनी पसरावीत आणि भुसभुशीत माती मुळांच्या मधे बोटांनी भरत जावे. मुळांचा झुपका तसाच ठेवून वरून माती ओढल्यास मधली जागा रिकामी राहते आणि वरून काहीच कळत नाही.

माती नीट बसली की नाही, हे पाहण्यासाठी कलमाचे एक पान दोन बोटांत धरून हलकेच वर ओढावे. पान तुटावे, कलम हलू नये. त्यानंतर आभाळ भरलेले असले तरी प्रत्येक कलमाला 10 ते 15 लिटर पाणी द्यावे, कारण उरलेल्या बारीक पोकळ्या हाताने भरत नाहीत, पाण्यासोबत माती वाहून गेल्यावरच भरतात. पाणी जिरल्यावर जिथे माती खचेल तिथे लगेच भर घालावी.

जुलैच्या वाऱ्याने कलम हलत राहिले तर बुडाशी नरसाळ्यासारखे भोक पडते आणि प्रत्येक सरीनंतर त्यात पाणी साचते. डिंक्या आणि मूळकूज यांना कारणीभूत असलेल्या फायटोफ्थोरा बुरशीला नेमके असेच साचलेले पाणी लागते. यासाठी लागवडीच्याच दिवशी बांबूची काठी गोळ्याबाहेर रोवून कलम सुतळीने सैल बांधावे. पश्चिमेचा वारा जास्त म्हणून काठी त्या बाजूला रोवलेली बरी, असा माझा अनुभव आहे. कोणत्या शिफारशीत ते वाचलेले नाही. बुडाशी डिंक किंवा ओला डाग दिसल्यास मेटॅलॅक्सिल अधिक मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी करावी, म्हणजे ते बुडाशी ओतावे, परंतु आधी ते भोक बुजवावे.

पाने मलूल झाली की शेतकरी एक फांदी तोडून कृषी केंद्रात नेतो आणि ह्युमिक ॲसिड, मायकोरायझा, मुळे वाढवणारे टॉनिक अशा दोन-तीन बाटल्या घेऊन परततो. ह्युमिक ॲसिडने काळ्या मातीतील फट बुजत नाही, आणि ज्या मुळाला मातीचा स्पर्शच नाही त्याच्यापर्यंत टॉनिकही पोहोचत नाही. त्या बाटल्यांच्या पैशांत एक मजूर दिवसभर लावता येतो आणि तो सगळ्या बागेची बुडे दाबून देतो. उघाड आठ दिवसांहून लांबली, तर हे काम उद्यावर टाकू नये. बुडाभोवतीची भेग खुरप्याने मोडावी, त्यात बारीक माती भरावी, दाबावी आणि पाणी द्यावे.

परसबागेतील वांगी, मिरची, टोमॅटोच्या रोपांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे टाचेऐवजी अंगठे पुरतात. ट्रेमधील कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशातील) रोपे लावताना मात्र कोकोपीटचा तुकडा वर उघडा ठेवू नये. तो एकदा सुकला की सहजासहजी पाणी धरत नाही आणि भोवतीच्या मातीतील ओलही स्वतःकडे ओढत नाही. रोपे लावण्यापूर्वी ट्रे पाण्याने चिंब करावा, तुकडा जमिनीच्या पातळीखाली बोटाच्या एका पेराएवढा बसवावा, वर वावरातील माती ओढावी आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून लगेच तांब्याभर पाणी घालावे.