डबा सापडत नाही? जिओकॅशिंगला सोबतीनं जाताना या चुका टाळा

सहा जण, सहा फोन आणि एकच झुडूप. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा त्यानं दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून, जीपीएसच्या मदतीनं शोधण्याचा खेळ. आमच्या गटानं एकदा पाऊण तास त्या झुडपाची फांदी न् फांदी चाळली. डबा शेवटी मिळाला तो मागच्या झाडाच्या ढोलीत, डोळ्यांच्या उंचीवर. तोवर झुडपाखालचं गवत पार तुडवलं गेलं होतं आणि पुढे येणाऱ्यांसाठी चुकीच्या जागेकडे नेणारी मळलेली वाट तयार झाली होती. चूक पहिल्या मिनिटालाच झाली. एकानं "इथेच दाखवतंय" म्हटलं आणि बाकी पाच जणांनी आपापले फोन खिशात टाकले.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की धरली आहे: प्रत्येक जण स्वतंत्रपणे बघत असेल तरच जास्त डोळ्यांचा उपयोग होतो. खालच्या बऱ्याच चुका याच एका जागेवरून सुरू होतात. (मराठीत 'कॅश' लिहिलं की पैसे आठवतात, म्हणून पुढे मी सरळ 'डबा' म्हणतो.)

आकडे वाचण्यातला घोटाळा

नव्या गटाची पहिली फजिती इथे होते. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात (एका अंशाची ६० मिनिटं). या छंदातला पहिला डबा डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ ठेवला. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये जाणूनबुजून मिसळलेली चूक काढून टाकली होती. त्याआधी साध्या रिसीव्हरवर १०० मीटरपर्यंतचा फरक येई. एवढ्या फरकात डबा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

त्या डब्याचा अक्षांश ४५° १७.४६०' उत्तर. तो ४५.१७४६० अंश असा भरला, तर तुम्ही जवळजवळ १३ किलोमीटर दक्षिणेला पोहोचता, कारण खरा आकडा ४५.२९१ अंश आहे. ही चूक निदान नकाशावर लगेच कळते. पण हाच आकडा १७ मिनिटं ४६ सेकंद असा वाचला, तर फरक साधारण ५७० मीटरचा पडतो. जागा त्याच परिसरातली दिसते, झाडंही तशीच असतात आणि तुम्ही तासभर खोट्या ठिकाणी शोधत बसता. मिनिटातला तिसरा दशांश अक्षांशात १.८५ मीटरएवढा असतो, त्यामुळे शेवटचा आकडाही गाळून चालत नाही. निघण्यापूर्वी दोघांनी हे आकडे आपापल्या फोनमध्ये वेगवेगळे भरावेत आणि दोन खुणा एकमेकींवर बसतात का ते बघावं.

बाणाच्या मागे धावणं

मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट झाडी, कडा किंवा उंच भिंतींजवळ उपग्रहाचे संदेश आपटून परततात आणि चूक वाढते. शिवाय लपवणाऱ्याच्या उपकरणाचीही तेवढीच चूक त्या आकड्यांत आधीच असते. दोन्ही मिळून १० मीटरचा फरक सहज पडतो. म्हणून अंतर 'शून्य' दिसलं तिथे डबा असेलच असं नाही. तिथून फक्त शोधाला सुरुवात होते.

उभं राहून फोन फिरवत बाणाची दिशा बघू नका. थांबल्यावर दिशा होकायंत्राच्या सेन्सरवर ठरते, आणि जवळच्या लोखंडानं किंवा चुंबक असलेल्या फोनच्या कव्हरानं तो भरकटतो. फोन हवेत इंग्रजी 8 च्या आकारात फिरवला की तो बराचसा ताळ्यावर येतो. मात्र खरा उपाय गटालाच जमतो: ३०-४० मीटर मागे जा, वेगवेगळ्या दिशांनी या, आणि प्रत्येकाचा फोन जिथे शून्य दाखवतो तिथे त्यानं उभं राहावं. त्या सगळ्यांच्या मधला भाग आधी बघा. आमच्या झुडपापाशी हे केलं असतं, तर ढोलीचं झाड आपोआप त्या वर्तुळात आलं असतं.

यानंतर फोन खिशात ठेवा आणि डोळे उघडा. आधी डब्याच्या ऑनलाइन माहितीत त्याचं आकारमान वाचा. 'मायक्रो' म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान, 'स्मॉल' म्हणजे एक लिटरपर्यंत. बोटाच्या पेराएवढ्या डबीसाठी दगडांचे ढीग उपसणारे गट मी पाहिले आहेत. काठिण्य (शोधायला किती अवघड) आणि भूभाग (तिथवर पोहोचायला किती अवघड) यांचे १ ते ५ गुणही बघा: काठिण्य १ असलेला डबा काही मिनिटांत दिसायला हवा, आणि भूभाग ५ म्हणजे दोर, होडी यांसारख्या खास साधनांशिवाय जमणार नाही. गटातल्या सर्वांत कमी सवयीच्या माणसाला झेपेल तेवढाच भूभाग निवडा.

शोधताना भिंत उकरणं, विजेचे डबे उघडणं, स्क्रू फिरवणं हे कधीच करू नका. मोडतोड केल्याशिवाय सापडत नसेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

"सापडला!" असं ओरडणं

पहिल्याला दिसला, तो ओरडला, सगळे धावले. पाच जणांचा शोध तिथेच संपला. खेळाचा अर्धा आनंद त्या "अरे, हा बघ!" क्षणात असतो, आणि तो प्रत्येकाला स्वतःचा मिळाला पाहिजे. यासाठी जुन्या खेळाडूंची एक सुंदर पद्धत आहे, 'हकल बकल बीनस्टॉक'. डबा दिसला तरी हात लावायचा नाही. दोन-चार पावलं पुढे जायचं, थोडं इकडेतिकडे शोधल्यासारखं करायचं आणि मग हे तीन शब्द म्हणून बाजूला बसायचं. बाकीचे शोधत राहतात. शेवटच्यालाही दिसला की मगच डबा काढायचा. लहान मुलं बरोबर असतील तर ही पद्धत नक्की वापरा. आवाज न करण्याचा आणखी एक फायदा: आजूबाजूच्या अनोळखी लोकांचं, खेळाच्या भाषेत 'मगल' मंडळींचं, लक्ष वेधलं जात नाही. त्यांनी कुतूहलानं उचलून नेल्यामुळे अनेक डबे नाहीसे होतात.

सगळे मिळून सही करणं, आणि न करणं

नोंद म्हणजे डब्यातल्या वहीवरची सही. ऑनलाइन नोंद त्यानंतरची. चिमुकल्या डबीच्या कागदावर सहा नावं मावत नाहीत, तिथे गटाचं एकच नाव आणि तारीख लिहा, आणि आपापल्या ऑनलाइन नोंदीत गटाचं ते नाव सांगा. पेन्सिल जवळ ठेवा, ओलसर कागदावर पेन उमटत नाही.

एका मार्गावर ओळीनं डबे असतील तेव्हा गट दोन भागांत वाटून घेणं आणि शेवटी सगळ्यांनी सगळ्या डब्यांची नोंद करणं, असंही चालतं. यावर खेळाडूंत मतभेद आहेत. मला ते पटत नाही. जिथे माझे पाय लागले नाहीत तो डबा मला सापडला असं मी लिहू शकत नाही.

कूटप्रश्नांचंही तेच. अशा डब्याची नकाशावरची जागा खोटी असते आणि खरी जागा कोडं सोडवून मिळते. भेटीगाठीच्या कार्यक्रमात ही उत्तरं हातोहात वाटली जातात. कुणी अडलं असेल तर पुढची पायरी सुचवा, अंतिम आकडे देऊ नका. कोडं रचणाऱ्यानं त्यावर कित्येक संध्याकाळी घालवलेल्या असतात.

परत ठेवताना

'इथे जास्त चांगला लपतो' म्हणून जागा बदलू नका. हातोहाती पाच सेंटिमीटर सरकत डबा दोन मीटर जातो आणि मग लपवणाऱ्यानं दिलेला इशारा निरर्थक होतो. ज्यानं काढला त्यानंच ठेवावा, कारण तो कसा होता हे त्यालाच आठवतं. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं. कडा बोटानं पुसा आणि झाकणाचा चारही बाजूंनी 'टक' आवाज ऐका. खाऊ ठेवू नका, वासानं जनावरं डबा फोडतात. डब्यातली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. प्रवासी बिल्ला ('ट्रॅव्हल बग', म्हणजे खेळाडूंच्या हातून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणारा बिल्ला) मिळाला तर त्यावरचा संकेतांक फोटोत दिसू देऊ नका. तो फोटोतून वाचून घरबसल्या खोट्या नोंदी होतात.

न सापडल्याची नोंद टाळणं

यातलं नुकसान दिसत नाही, म्हणून ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. गट रिकाम्या हातानं परततो, कुणीच काही लिहीत नाही. लपवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पुढचे चार गट फुकट फेऱ्या मारतात. 'सापडला नाही' असं लिहिण्यात कमीपणा नाही. किती वेळ शोधलं, कुठल्या अवस्थेत जागा दिसली, एवढं लिहिलं की मालकाला बघून येण्याचं कारण मिळतं. तुम्हीही निघण्यापूर्वी मागच्या नोंदी वाचा. काठिण्य २ च्या डब्यावर सलग तीन-चार जणांना अपयश आलं असेल, तर डबा बहुधा तिथे नाहीच.

अशा वेळी स्वतःच्या पिशवीतला दुसरा डबा तिथे ठेवून 'सापडला' लिहिणं ही मदत नव्हे. मूळ डबा जागेवर असेल तर आता तिथे दोन डबे होतात आणि मालकाचं काम वाढतं.

गटानं स्वतःचा डबा लपवताना

उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात लपवायला निघू नका. आधी वेगवेगळ्या तऱ्हेचे पंचवीस-तीस तरी शोधा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा, जमीन खणून पुरू नका, आणि डब्यावर बाहेरून 'जिओकॅश' असं स्पष्ट लिहा, म्हणजे बेवारस वस्तू म्हणून कुणी घाबरणार नाही. आकडे दोन वेगळ्या दिवशी, दोन-तीन फोनवर घेऊन त्यांची सरासरी काढा. आणि मुख्य म्हणजे देखभाल कोण करणार त्याचं नाव त्याच दिवशी ठरवा. 'आपण सगळे बघू' असं ठरलेला आमचा पहिला डबा एका पावसाळ्यात भिजून गेला, आणि वही बदलायला कुणी गेलंच नाही. आता दर दोन महिन्यांची पाळी लावली आहे. ज्याची पाळी त्याच्या पिशवीत कोरी वही, पेन्सिल आणि एक सुकं फडकं असतं.