जुन्या मुंबईचं पोस्टकार्ड किती जुनं? आधी उलटं करून बघा

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या मुंबईचं कार्ड हाती आलं की आपण चित्रातच हरवतो. आधी ते उलटं करा. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिला असेल, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. मधोमध रेघ मारून पत्ता आणि मजकूर वेगळे करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये 1902 मध्ये आली, इतरत्र त्यानंतर.

मग चित्र वाचा. ताजमहाल हॉटेल 1903 मध्ये सुरू झालं, गेटवेचं उद्घाटन 1924 मध्ये झालं. ताजसमोरचा धक्का मोकळा दिसला, तर फोटो गेटवेच्या आधीचा. रस्त्यावर ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर तो 1907 च्या आधीचा, कारण त्या वर्षी विजेची ट्राम धावू लागली. पण फोटो जुना म्हणून छपाईही तेवढीच जुनी असं नाही. एकच फोटो पुढे कित्येक वर्षं छापत. त्यासाठी पोस्टाचा शिक्का बघा. तिकीट सोलून काढलेलं कार्ड मला म्हणूनच अर्धवट वाटतं.

लॅमिनेशन मात्र कधीही करू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पीव्हीसीचे पाऊचही नकोत, त्यात कार्डं चिकटतात. ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. मागच्या चार ओळींची शाई उन्हात उडते, तेवढी सांभाळा.